मला एक कॉफी हवी होती

साठी उलटल्यावर वही-पेन्सिल घेऊन नवी भाषा शिकायला बसलेल्या माणसाकडे घरची मंडळी ज्या नजरेनं बघतात, ती नजर मी २०१२ साली अनुभवली. मुलगी तेव्हा इटलीत, तोरिनोला शिकत होती. आपल्या भूगोलाच्या पुस्तकातलं ट्यूरिन ते हेच. आम्ही दोघं महिनाभर तिच्याकडे जाणार होतो. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. मॅझिनी, गॅरिबाल्डी, काव्हूर मुलांकडून घोकून घेतले. पण त्यांच्या देशात गेल्यावर साधं पाणी कसं मागायचं, ते मला येत नव्हतं. तेव्हा ठरवलं, सगळी भाषा राहू दे, निदान हॉटेलात खायला-प्यायला मागण्यापुरतं इटालियन शिकायचं.

पहिला धडा ‘व्होर्रेई’ या शब्दाचा. ‘व्होर्रेई उन काफ्फे’ म्हणजे मला एक कॉफी हवी होती. ‘व्होल्यो’ म्हटलं तरी अर्थ कळतो, व्याकरणही चुकत नाही, पण ते कानाला उर्मट लागतं. मुलीनं फोनवर समजावलं, “बाबा, आपण दुकानात ‘एक वही हवी होती’ म्हणतो ना? वही हवी असते आत्ता, पण म्हणतो ‘होती’. तसंच हे.” मला एकदम पटलं. मागणं एक पाऊल मागे घेऊन मागायचं, ही रीत दोन्हीकडे सारखीच.

प्रत्यक्ष परीक्षा तोरिनोला झाली. तिथला ‘बार’ म्हणजे दारूचा गुत्ता नव्हे. आपल्या इराण्याच्या हॉटेलाचा चुलतभाऊ म्हणा. बऱ्याच ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरायचे, पावती घ्यायची आणि मग उभ्याउभ्या कॉफी प्यायची. बसलात की दर वाढण्याची शक्यता. मी ऐटीत ‘लात्ते’ मागितलं आणि समोर आला दुधाचा पेला! लात्ते म्हणजे नुसतं दूध, हे मी पाठ केलं होतं आणि नेमकं विसरलो होतो. ‘पेपेरोनी’ घातलेला पिझ्झा मागितला, त्यावर ढोबळी मिरची निघाली. जेवणानंतर कापुचिनो मागितल्यावर वेटर मुलीकडे बघून नुसता हसला. ती सकाळची कॉफी. जेवणानंतर प्यायची ती घोटभर काळी, आणि तिला नुसतं ‘काफ्फे’ म्हणायचं.

अशा फजितीनंतर माझ्यातला मास्तर जागा झाला. हे शब्द आले कुठून, याचा शोध मी घेऊ लागलो. आणि लक्षात आलं की, मी शाळेत शिकवलेला इटलीचा इतिहास मेनूकार्डावरही लिहिलेला आहे.

१८६१ साली इटलीचं राज्य स्थापन झालं. तोरिनो ही त्याची पहिली राजधानी. पण गंमत अशी, की त्या वेळी इटालियन बोलता येणारे लोक अभ्यासकांच्या वेगवेगळ्या अंदाजांनुसार शेकडा अडीच ते दहाच होते. बाकीचे आपापल्या प्रांताची बोली बोलत. एकीकरणाचा शिल्पकार काव्हूर स्वतः फ्रेंचमध्ये अधिक मोकळा होई. मोठ्या घरच्या मेजवान्यांचे मेनूही फ्रेंचमध्येच असत. म्हणजे देश एक झाला, पण एकाच पदार्थाला गावोगाव वेगळं नाव.

ही अडचण ज्यानं बरीचशी सोडवली, तो ना मंत्री होता, ना पंडित. पेल्लेग्रीनो आर्तुझी हा फ्लॉरेन्समध्ये स्थायिक झालेला रेशमाचा व्यापारी. सत्तरी ओलांडल्यावर, १८९१ साली, त्यानं घरगुती पाककृतींचं पुस्तक पदरचे पैसे घालून छापलं. पहिल्या आवृत्तीत ४७५ कृती होत्या. पुढे लोकांकडून कृती येत गेल्या, तो भर घालत गेला आणि त्या ७९० झाल्या. सगळ्यांना कळणार नाहीत अशा तोस्कानातल्या शब्दांचा छोटा कोशही त्यानं पुस्तकाला जोडला होता. सोपी, बोलती भाषा आणि मधूनमधून गप्पा. हे पुस्तक घरोघरी गेलं आणि स्वयंपाकघरातल्या बायकांना एक सामाईक भाषा मिळाली. सरकारी शाळांनी जे केलं, त्याला आर्तुझीनं चुलीपाशी हातभार लावला, असं तिथले इतिहासकार मानतात.

कॉफीची कथाही तोरिनोलाच सुरू होते. आंजेलो मोरिओंदो या तिथल्या गृहस्थानं १८८४ साली वाफेवर झटपट कॉफी काढणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. १९०१ मध्ये मिलानच्या लुईजी बेझ्झेरानं एकेक कप वेगळा काढणारं यंत्र केलं. दुसऱ्या महायुद्धानंतर आकिल्ले गाज्जाच्या दांड्याच्या यंत्रानं वाफेऐवजी पाण्याच्या जोरदार दाबावर कॉफी काढली आणि तिच्यावर तो सोनेरी फेस आला. घाईच्या गिऱ्हाइकाला उभ्याउभ्या कॉफी मिळू लागली, ती या यंत्रांमुळे.

आता येतो तो भाग, ज्यासाठी खरं तर मी हे सगळं सांगायला बसलो. १९२२ मध्ये मुसोलिनी सत्तेवर आला. राष्ट्र बलवान करायचं तर भाषा शुद्ध हवी, हे त्याच्या राजवटीचं एक सूत्र. मारिनेत्ती या कवीनं १९३० च्या अखेरीस ‘भविष्यवादी पाककले’चा जाहीरनामा काढला. पास्ता खाऊन माणूस सुस्त होतो, तेव्हा पास्ताच बंद करा, असं त्याचं म्हणणं! पुढच्याच वर्षी तोरिनोला त्याच्या मित्रमंडळींनी ‘पवित्र टाळू’ अशा अर्थाच्या नावाचं भोजनालयही काढलं. मारिनेत्तीनं नवे शब्दही सुचवले. ‘बार’ला ‘क्वीसिबेवे’, म्हणजे ‘इथं पितात’. कॉकटेलला ‘पोलिबीबिता’, म्हणजे ‘बहुपेय’. आणि जेवणानंतरच्या गोडाला ‘पेराल्झार्सी’, म्हणजे ‘उठण्यासाठी’.

इथवर हसायला हरकत नाही. पण १९३८ मध्ये माणसांनी एकमेकांना काय म्हणायचं, यातही राजवटीनं हात घातला. अनोळखी माणसाला, मग तो पुरुष का असेना, इटालियनमध्ये आदरानं ‘लेई’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ ‘ती’. वापर साधारण आपल्या ‘आपण’सारखा. हे परकं आहे, लाचारीचं आहे, म्हणून ते सोडून ‘व्होई’ म्हणजे ‘तुम्ही’ म्हणा, असा फतवा निघाला. ‘लेई’ नावाचं बायकांचं एक मासिक होतं. त्यातला ‘लेई’ नुसता ‘ती’ या अर्थाचा, पण त्यालाही नाव बदलून ‘आन्नाबेल्ला’ व्हावं लागलं! १९४० च्या डिसेंबरात कायदाच झाला आणि दुकानांच्या पाट्यांवर, जाहिरातींत परके शब्द वापरायला बंदी आली.

यातलं टिकलं काय? ‘बार’ बारच राहिला. मेनू मेनूच राहिला. ‘लेई’ युद्ध संपताच परत आलं. मी वेटरला तेच म्हणत होतो. पण काही शब्द रुजलेही. सँडविचला ‘त्रामेझीनो’ हा शब्द कवी दान्नुन्झिओनं दिला असं मानतात आणि तो तोरिनोच्या ज्या जुन्या कॅफेत पहिल्यांदा मिळाला म्हणतात, तिथंच आम्हीही खाल्ला. नाटक-सिनेमाच्या दिग्दर्शकाला ‘रेजिस्ता’ हा शब्द १९३२ मध्ये एका भाषातज्ज्ञानं सुचवला, तोही टिकला. त्याच सुमाराला आपल्याकडे भाषाशुद्धीची चळवळ चालू होती आणि सावरकरांनी सुचवलेले ‘दिग्दर्शक’, ‘महापौर’ हे शब्द आज आपण सहज वापरतो. मात्र पाटीवर ‘उपाहारगृह’ लिहिलेलं असलं, तरी घरून निघताना आपण ‘हॉटेलात जाऊ’ असंच म्हणतो. शब्द सुचवता येतो. तो तोंडात बसवणं कोणाच्या हातात नसतं.

एक आठवण मात्र मेनूवर निमूट राहून गेली. १९३५ मध्ये इटलीनं इथिओपियावर हल्ला केला, राष्ट्रसंघानं निर्बंध घातले आणि स्वावलंबनाचा घोष सुरू झाला. पुढे खरी कॉफी दुर्मीळ होत गेली. लोक जव भाजून, त्याची पूड करून त्यावर भागवू लागले. आज रात्री झोप उडू नये म्हणून लोक हौसेनं ‘काफ्फे दोर्झो’ म्हणजे जवाची कॉफी मागतात.

परतण्याआधी आम्ही चार दिवस उत्तरेला, आल्प्सच्या कुशीतल्या बोल्झानोला गेलो. हा जर्मन भाषकांचा मुलूख. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाकडून इटलीकडे आला. १९२३ पासून तिथल्या शाळांतून जर्मन हद्दपार होऊ लागली. गावांची नावं, पाट्या, सगळं इटालियन झालं. मुलांना आपली लिपी आणि भाषा चोरून, शेतघरांतून शिकवली जाई.

आम्ही एका छोट्या खाणावळीत उतरलो. सत्तरीच्या मालकीणबाई स्वतः वाढत होत्या. एव्हाना मी तयार झालो होतो. ‘व्होर्रेई’ने सुरुवात करून सूप, भाजी, साधं पाणी आणि शेवटी बिल, सगळं न अडखळता मागितलं. बाई कौतुकानं म्हणाल्या, “छान बोलता. माझ्या आईला मात्र हीच वाक्यं मार खाऊन शिकावी लागली. ती आपली भाषा रात्री दुसऱ्याच्या घरी लपून शिकली.” हे त्या शुद्ध इटालियनमध्ये, मुलीकडे बघून सांगत होत्या. आवाजात राग नव्हता. १९७२ च्या नव्या स्वायत्तता कायद्यानंतर तिथं दोन्ही भाषांना सरकारी कामात जागा मिळाली. त्यांच्या मेनूवरही डावीकडे जर्मन होतं, उजवीकडे इटालियन. मी महिनाभर फक्त उजवी बाजू वाचत आलो होतो.

उठताना मी ‘ग्रात्सिये’ म्हटलं आणि जरा थांबून ‘डांके’ही म्हटलं. बाई हसल्या. म्हणाल्या, “तुमच्या भाषेत काय म्हणतात?” मी विचारात पडलो. आपण वाढणाऱ्याला ‘आभारी आहे’ कुठे म्हणतो? मग वडील पानावरून उठताना म्हणायचे ते आठवलं आणि मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये त्याचा अर्थ सांगून मी ते म्हटलं, “अन्नदाता सुखी भव.”

बाईंनी ते दोनदा म्हणवून घेतलं आणि मेनूच्या मागच्या कोऱ्या जागेत आपल्या लिपीत लिहून ठेवलं.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)