यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातील फ्लाय फिशिंग

यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान हे अमेरिकेच्या वायोमिंग, माँटाना व आयडाहो या राज्यांत पसरलेले उद्यान असून तेथील डोंगरी नद्या व सरोवरे ट्राउट माशांच्या फ्लाय फिशिंगसाठी जगप्रसिद्ध आहेत. १८७२ साली स्थापन झालेल्या या उद्यानात मासेमारीला आरंभापासून परवानगी आहे. मात्र कोणत्या दिवशी, कोणत्या नदीवर आणि किती वाजेपर्यंत गळ टाकता येईल, हे आता बव्हंशी पाण्याच्या तापमानावर ठरते.

पद्धत

फ्लाय फिशिंग म्हणजे पिसे, केस व धागा गळावर गुंडाळून तयार केलेल्या कृत्रिम माशीने मासा पकडणे. साध्या गळात आमिषाचे किंवा शिशाच्या तुकड्याचे वजन दोरीला पुढे ओढून नेते. येथे माशीला वजन जवळजवळ नसतेच. त्यामुळे जाड दोरीच्या स्वतःच्या वजनाने, लवचीक काठीच्या झोक्यावर ती फेकावी लागते. त्या दिवशी पाण्यावर जो कीटक उडत असेल त्याच्यासारखी माशी निवडणे, हे या कलेचे मर्म मानले जाते. म्हणून जाणकार मासेमार नदीवर पोहोचल्यावर काठी जोडण्याआधी काही वेळ नुसते पाण्याकडे पाहतो.

हंगाम आणि पाण्याची स्थिती

मासेमारीचा मुख्य हंगाम मे महिन्याच्या अखेरीस सुरू होऊन ३१ ऑक्टोबरला संपतो. हंगाम उघडला तरी सर्व नद्या मासेमारीयोग्य असतातच असे नाही. मे व जूनमध्ये डोंगरावरील बर्फ वितळून ईशान्येकडील लामार नदी व सोडा ब्यूट ओढा गढूळ होऊन दुथडी भरून वाहतात. त्यांचे पाणी साधारणपणे जुलैत निवळते. हिवाळ्यात बर्फ कमी पडल्यास नद्या लवकर निवळतात खऱ्या, पण उन्हाळ्याच्या उत्तरार्धात त्यांचे पाणी घटते व तापते. नद्यांवर बसवलेली सरकारी मापनकेंद्रे प्रवाहाची नोंद घनफूट प्रतिसेकंद या मापात देतात आणि मासेमार निघण्यापूर्वी हे आकडे पाहतात. जून २०२२ मध्ये वितळता बर्फ व अतिवृष्टी एकत्र आल्याने लामार व गार्डनर नद्यांना मोठा पूर आला, उद्यानाच्या उत्तर प्रवेशमार्गाचा भाग वाहून गेला आणि उद्यान काही दिवस बंद ठेवावे लागले.

कीटकांचा क्रमही याच ऋतुचक्राशी बांधलेला आहे. जूनच्या अखेरीपासून यलोस्टोन नदीच्या खोल दरीत सॅमनफ्लाय हा बोटाएवढा कीटक पाण्याबाहेर येतो. ऑगस्टमध्ये काठच्या गवतातील नाकतोडे वाऱ्याने पाण्यात पडतात, तेव्हा एरवी सावध असणारा मोठा मासाही बेधडक वर येतो. शरद ऋतूत हेब्गेन सरोवरातील ब्राउन ट्राउट अंडी घालण्यासाठी मॅडिसन नदीत चढतात.

तापमान

ट्राउट हा थंड पाण्यातील मासा आहे. भारतातही तो काश्मीर, हिमाचल प्रदेश व निलगिरी अशा उंच व थंड प्रदेशांतच स्थिरावला. पाणी तापते तसा त्यात विरघळलेला प्राणवायू घटतो, पण माशाची प्राणवायूची गरज वाढत जाते. सुमारे २०° सेल्सियसच्या वर माशावर ताण येतो. अशा वेळी गळाशी झुंजून थकलेला मासा सोडून दिला तरी नंतर मरू शकतो. मासा सोडून देणे म्हणजे त्याला वाचवणे, हा समज उन्हाळ्यात खरा ठरत नाही. जुलै २०२१ मध्ये उद्यानाने नद्या व ओढ्यांवरील मासेमारी दुपारी २ पासून दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापर्यंत बंद केली. सरोवरे खुली राहिली, कारण तेथे मासा खोल, थंड पाण्यात उतरू शकतो.

फायरहोल नदी हे याचे टोकाचे उदाहरण होय. ओल्ड फेथफुल या प्रसिद्ध गायझरच्या परिसरातून ती वाहते व अनेक उष्ण झऱ्यांचे पाणी तिला येऊन मिळते. त्यामुळे ती हंगामाच्या आरंभी, इतर नद्या गढूळ असताना, मासेमारीस उत्तम असते. भर उन्हाळ्यात मात्र तिचे पाणी इतके तापते की ट्राउट थंड उपनद्यांच्या मुखाशी गर्दी करतात. तेथे ते सहज गळाला लागतात आणि सहज मरतातही. सप्टेंबरमध्ये रात्री थंड झाल्या की नदी पुन्हा मासेमारीयोग्य होते.

मूळ आणि बाहेरचे मासे

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उद्यानातील सुमारे ४० टक्के जलभागांत मासेच नव्हते. धबधब्यांमुळे ते वर चढू शकले नव्हते. फायरहोलचा वरचा भागही त्यांपैकीच. १८८९ पासून या पाण्यात ब्राउन, रेनबो, ब्रुक व लेक ट्राउट सोडण्यात आले आणि आज नावाजलेल्या कित्येक जागा या मत्स्यबीज सोडण्याच्या कार्यक्रमातून घडल्या आहेत. जबड्याखाली लाल-नारिंगी रेघ असलेला कटथ्रोट ट्राउट मात्र येथील मूळ मासा आहे.

कटथ्रोटचे मुख्य आश्रयस्थान यलोस्टोन सरोवर होय. समुद्रसपाटीपासून सुमारे २,३५७ मीटर उंचीवरील हे सरोवर उत्तर अमेरिकेतील अशा उंचीवरचे सर्वांत मोठे सरोवर आहे आणि त्यावरील बर्फ मेअखेर ते जूनच्या आरंभी फुटते. १९९४ साली यात लेक ट्राउट आढळला. कोणीतरी तो जवळच्या ल्युइस सरोवरातून आणून सोडला असावा असे मानले जाते. हा मोठा, मांसाहारी मासा कटथ्रोटवर जगतो. सरोवरास मिळणाऱ्या क्लिअर क्रीक या ओढ्यात १९७८ साली अंडी घालण्यासाठी ७०,०००हून अधिक कटथ्रोट चढल्याची नोंद आहे. २००७ साली ही संख्या सुमारे ५०० झाली. कटथ्रोट उथळ ओढ्यांत चढत असल्याने अस्वल, ऑस्प्रे व पाणमांजर यांचे ते खाद्य होते. लेक ट्राउट खोल पाण्यात राहतो व सरोवरातच अंडी घालतो, त्यामुळे या प्राण्यांसाठी तो कटथ्रोटची जागा घेऊ शकत नाही.

नियम

मासेमारीसाठी उद्यानाचा परवाना लागतो. राज्याचा परवाना चालत नाही. लहान मुलांसाठी राखलेले मोजके अपवाद वगळता जिवंत आमिष वापरता येत नाही. गळाच्या टोकाचा उलटा दात चिमट्याने दाबून सपाट करावा लागतो आणि शिशाची वजने निषिद्ध आहेत. २००१ पासून मूळ जातीचा प्रत्येक मासा सोडून देणे बंधनकारक आहे. याउलट, यलोस्टोन सरोवरात पकडलेला लेक ट्राउट परत सोडता येत नाही. तो मारावाच लागतो. रोगजंतू व परकी गोगलगाय एका नदीतून दुसरीकडे जाऊ नयेत म्हणून २०१८ पासून नमद्याच्या तळाचे बूट वापरण्यास बंदी आहे. सरोवरातून नदी बाहेर पडते तेथील फिशिंग ब्रिज या पुलावर एकेकाळी मासेमारांची रांग लागे. पुलाखालीच कटथ्रोट अंडी घालत असल्याने १९७३ साली तेथील मासेमारी बंद झाली. नाव तेवढे राहिले.

लेक ट्राउटच्या नियंत्रणाचे मुख्य काम गळाने नव्हे, तर जाळ्यांनी होते. १९९४ पासून ४० लाखांहून अधिक लेक ट्राउट सरोवरातून काढण्यात आले आहेत. अलीकडच्या वर्षांत कटथ्रोटची संख्या अंशतः सावरली असून बर्फ फुटल्यापासून शरद ऋतूपर्यंत जाळी टाकण्याचे काम दरवर्षी चालू असते.