निदान सरकारचे, उपचार देणगीवर

3 जुलै 1899 रोजी शिकागोत कुक काउंटीचे बालन्यायालय सुरू झाले. अमेरिकेतले ते पहिलेच. मुलांना शिक्षा नको, सांभाळ हवा, हे त्यामागचे तत्त्व थोर होते. मुलींच्या वाट्याला मात्र ते अर्धेच आले. मुलगे बहुतेक चोरीमारीसाठी पकडले जात. मुली घरातून पळाल्या, रात्री परतल्या नाहीत, कुणाशी संबंध ठेवला, म्हणून कोर्टात उभ्या राहत. सोफोनिस्बा ब्रेकिनरिज आणि एडिथ अॅबट यांनी या न्यायालयाच्या नोंदी तपासून 1912 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा फरक ठळकपणे दिसतो. कित्येकींच्या हकिकतीत घरातल्या किंवा ओळखीच्या पुरुषाचा अत्याचार होता. जखम मनाला झालेली, आणि सरकारी तिजोरीतला पैसा जाई तो इलिनॉयमधल्याच जिनिव्हा गावच्या सुधारशाळेत त्यांना डांबून ठेवण्यासाठी.

मनाकडे पाहण्यासाठी पहिला पैसा आला तो एका बाईच्या पदरचा. एथेल स्टर्जेस डमर यांनी 1909 साली पाच वर्षांचा खर्च उचलला आणि विल्यम हीली या डॉक्टरांच्या हाताखाली बालगुन्हेगारांच्या मानसिक तपासणीची संस्था उभी राहिली. मुलाची प्रकृती, बुद्धी, घर, पूर्वायुष्य असे सगळे तिथे बारकाईने पाहिले जाई. गुन्हेगारीला एकच एक कारण नसते, हा हीलींचा 1915 च्या ग्रंथातला निष्कर्ष याच कामातून निघाला. 1914 मध्ये काउंटीने आणि 1917 मध्ये इलिनॉय राज्याने संस्थेचा भार घेतला. पण सरकारने पत्करले ते मुख्यतः तपासणीचे काम. अहवाल न्यायाधीशापुढे जाई. त्यानंतर त्या मुलीजवळ महिनोन् महिने कोण बसणार, तिला कुठे ठेवणार, याची तशी तरतूद नव्हती. 1913 पासून मुलींचे खटले बंद दाराआड ऐकणाऱ्या मेरी बार्टेल्मी यांनी अखेर 1914 साली आपले राहते घरच अशा मुलींसाठी उघडले. तिथून सुरू झालेली ‘मेरी क्लब’ची घरे देणग्यांवर चालली. न्यायदानाच्या कामातल्या बाईला मुली ठेवायला स्वतःचे घर द्यावे लागते, याहून त्या व्यवस्थेची उणीव ती काय दाखवायची?

देणगीदार नसते तर सुरुवातच झाली नसती, असे कुणी म्हणेल. ते मान्यच आहे. मात्र डमरबाईंची मदत मुदतीची होती. पुढचा भार समाजाने उचलायचा होता, आणि त्याने अर्धाच उचलला. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: मानसशास्त्राने मुलींना सोडवले की नवी बेडी घातली? इलिनॉयने 1915 साली ‘मंदबुद्धी’ ठरलेल्यांना संस्थेत पाठवण्याचा कायदा केला, आणि ‘वाईट चालीच्या’ मुलींवर हा शिक्का सहज बसे. हा अन्याय खराच. पण तो मनाची फार काळजी घेतल्यामुळे झाला, असे मला वाटत नाही. शिक्का मारायला एक तपासणी पुरते. उपचाराला वर्षे लागतात, माणसे लागतात, त्यांचे पगार लागतात. जिथे फक्त पहिल्याची सोय असते, तिथे निदान हाच निकाल होऊन बसतो.

मुंबईलाही ही वाट परकी नाही. बॉम्बे चिल्ड्रेन अॅक्ट 1924 चा. शिकागोत शिकलेल्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने 1936 साली टाटांच्या नावाची समाजकार्य शाळा निघाली आणि पुढच्याच वर्षी तिने बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. इथेही आरंभीचा पैसा सरकारचा नव्हे, सर दोराबजी टाटा ट्रस्टचा होता. तिकडे अमेरिकेत बालन्यायाचा संघीय कायदा 1974 साली आला. पण मुलींच्या वेगळ्या गरजांसाठी राज्यांनी सेवांची आखणी करावी, ही अपेक्षा त्यात आली 1992 च्या दुरुस्तीने. डमरबाईंनी पहिला खर्च उचलला, त्याला तेव्हा 83 वर्षे झाली होती.