रंग कोणाचा, घेर कोणाचा?

दर ऋतूच्या आरंभीं पॅरिस, मिलान, मुंबई अशा नगरांत नव्या वेषांचीं प्रदर्शनें भरतात, आणि यंदा अमुक रंग, अमुक ठेवण, अशी द्वाही फिरते. हा सारा कलावंताच्या लहरीचा खेळ, असा आपला समज असतो. परंतु इतिहास पाहतां, कोणता रंग स्वस्त मिळतो, कापड किती उपलब्ध आहे, आणि तें नेसून काम कोणतें करावयाचें आहे, या तीन गोष्टी लहरीहून प्रबळ ठरलेल्या दिसतात. त्यांचा पडताळा आमच्या यवतमाळ जिल्ह्यांतहि घेतां येतो.

प्रथम रंग घेऊं. वऱ्हाडांत व मध्यप्रांतांत पूर्वीं आल नांवाच्या झाडाची लागवड होत असे. तीन-चार वर्षांनीं त्याचीं मुळें खणून काढीत. त्यांतील बारीक मुळांना मोल अधिक. तुरटीचा संस्कार केलेल्या कापडावर त्या मुळांचा लाल रंग पक्का बसे. म्हणजे एका लाल लुगड्यामागें शेतकऱ्याचीं तीन वर्षें आणि रंगाऱ्याची चिकाटी उभी असे. इकडे इ. स. १८५६ मध्यें विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा इंग्रज तरुण कोयनेल तयार करूं पाहत असतां, दगडी कोळशाच्या डांबरापासून त्यास जांभळा रंग सांपडला. पुढें १८६८ मध्यें ग्रेबे व लीबरमान या जर्मन शास्त्रज्ञांनीं मंजिष्ठेंतील लाल द्रव्य प्रयोगशाळेंत सिद्ध केलें. कारखान्यांतील हा लाल रंग स्वस्त आणि झटपट होता. त्यानें युरोपांतील मंजिष्ठेची शेती बुडविली, आणि आमच्या आल झाडाचीहि तीच गत झाली. आजचा यवतमाळ जिल्हा त्या काळीं वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. सध्यांचें नांव त्यास १९०५ मध्यें मिळालें. येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, स्त्रियांची लाल रंगाची आवड पालटली नव्हती. लुगडें लालच राहिलें. त्याचा पैसा मात्र रंगाऱ्याच्या हौदाकडे न जातां समुद्रापार जाऊं लागला.

आतां घेराकडे वळूं. दि. १२ फेब्रुवारी १९४७ रोजीं क्रिस्तियां दिओर यानें पॅरिसमध्यें आपला पहिला वेषसंग्रह दाखविला. बारीक कंबर आणि पोटऱ्यांपर्यंत पोंचणारे घेरदार झगे, ही त्याची ठेवण. युद्धकाळांतील आंखूड, काटकसरी पोषाखानंतर लोक चकित झाले. कित्येक रागावलेहि, कारण इंग्लंडांत कापडावरील शिधापद्धति १९४९ पर्यंत चालू होती. परंतु दिओरला भांडवल पुरविणारा मार्सेल बुसाक हा स्वतः कापडगिरण्यांचा धनी होता, हें विसरतां येत नाहीं. झग्याचा घेर वाढला म्हणजे गिरणीच्या ठाणांना गिऱ्हाईक वाढतें!

आमच्याकडील नऊवारी लुगड्यांतहि कापड पुष्कळ. परंतु त्याची ठेवण श्रमानें घडविली. कासोटा घातला कीं गुडघे मोकळे होतात. वांकतां येतें, ओटी बांधून शेतांत चालतां येतें. पुसद-दिग्रसकडील तांड्यांतून बंजारा स्त्रियांचा घेरदार फेटिया आणि आरसे जडविलेली कांचळी पाहावी. लमाणांचे तांडे बैलांवर धान्य व मीठ लादून देशभर हिंडत, त्या काळचा हा वारसा. आज तसल्या आरशांच्या भरतकामाची नक्कल शहरांतील दुकानांतून हौसेनें विकली जाते. तांड्यांतील लेकी मात्र पांचवारीकडे आणि सलवार-कमीजकडे वळल्या आहेत.

शेवटीं एक ठेवण अशी सांगतों, कीं जी कोणत्याहि प्रदर्शनांत मांडली जात नाहीं. सीतादही होऊन कापसाची वेचणी सुरू झाली, म्हणजे आमच्या जिल्ह्यांतील शेतांतून स्त्रिया लुगड्यावर पुरुषाचा जुना, पूर्ण बाह्यांचा सदरा चढवितात. डोक्याला फडकें, कमरेला ओटी. उन्हापासून आणि बोंडांच्या वाळलेल्या टोंकांपासून हात वांचावेत, एवढाच हेतु. त्या सदऱ्याचा रंग कोणीं निवडलेला नसतो. घरांत जो उरला तो. आणि जगांतील रंगमंचांवर झळकणाऱ्या सुती वस्त्रांचा धागा अशाच हातांतून पुढें जातो.

रंगाच्या व घेराच्या निवडींत या हातांना आजवर कोणीं विचारलेलें नाहीं. आल बुडालें तेव्हां रंगाऱ्यासहि कोणीं विचारलें नव्हतें. म्हणून यंदाचा रंग कोणता, हें विचारतांना, तो कोणीं दिला आणि त्याचें मोल कोणाच्या पदरीं पडलें, एवढा प्रश्न आपण सुशिक्षितांनीं जोडून विचारावा, अशी विनंती करून मी आपला निरोप घेतों.