पायरीशेजारचा दगड

जुन्या कौलारू घराच्या मागच्या दारी, न्हाणीच्या अंगाला, एक काळा दगड असे. मधोमध खोलगट आणि हाताला गुळगुळीत. धुणं आपटायचा दगड वेगळा आणि हा वेगळा. पावसाळ्याआधी सरपण फोडून ठेवायचे दिवस आले की घरातला कर्ता माणूस त्याच्यापाशी उकिडवा बसे, तांब्यातलं पाणी ओते, चिमूटभर बारीक वाळू टाके आणि कुऱ्हाडीचं पातं तिरपं टेकवून घासू लागे. आधी करकरीत येणारा आवाज हळूहळू मऊ होत गेला की धार जमत आली असं समजायचं. मग अंगठा धारेला आडवा फिरवून खात्री करायची. उभा फिरवला तर रक्तच.

या कामासाठी मराठीने शब्दही नेमके घडवले. घरच्या दगडावर धार काढणं म्हणजे पाजवणं. तो दगड हातात धरण्याजोगा असला तर निसणा. कड फारच बोथट झाली, तुटली, की मात्र घरचा दगड पुरत नाही. पातं भट्टीत लाल करून, ठोकून नवी कड काढावी लागते. ते शेवटणं, आणि ते लोहाराचं काम. अशी घर आणि भट्टी यांच्यात कामाची वाटणी होती. लोखंडाचा इतिहास सांगताना भट्टीचं वर्णन भरपूर होतं, पण दारातला दगड कोपऱ्यातच राहतो. खरं तर दख्खनमधली कुऱ्हाड त्या दगडापासूनच सुरू झाली.

बळ्ळारीजवळ संगनकल्लू आणि कुपगल ही गावं आहेत. तिथल्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर, मोठमोठ्या शिळांच्या पाठीवर, लांबट गुळगुळीत खाचा दिसतात. साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथली माणसं कुऱ्हाडी घडवत होती आणि त्याही दगडाच्याच. ग्रॅनाइटमधून आडव्या गेलेल्या डोलेराइटच्या काळ्या भिंतींतून तुकडा काढायचा, छिलके उडवून त्याला आकार द्यायचा, ठोकून ठोकून पृष्ठभाग सारखा करायचा आणि शेवटी पाणी घालून शिळेवर घासायचा. छिलके उडवायला थोडा वेळ लागतो, घासायला मात्र तासन्‌तास. त्या खाचा म्हणजे या तासांचीच नोंद. रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाने 1863 साली मद्रासजवळ पल्लावरमला अश्मयुगीन हत्यार शोधून काढलं होतं. पुढे बळ्ळारी भागात फिरताना कुपगलची टेकडी म्हणजे कुऱ्हाडींचा कारखानाच आहे, हेही त्यानेच ओळखलं. 1940 च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे बेंडापुडी सुब्बाराव यांनी संगनकल्लूला उत्खनन केलं. फोडलेल्या, अर्धवट राहिलेल्या आणि टाकून दिलेल्या कुऱ्हाडींचे ढीग तिथे सापडतात. एवढा माल एका वस्तीच्या गरजेपुरता नसणार.

घासण्यामागचं शास्त्र साधं आहे. घासणारा कण पात्याहून कठीण हवा. खनिजांच्या कठीणपणाची दहा पायऱ्यांची मोजपट्टी फ्रेडरिक मोस याने 1812 साली मांडली. तिच्यावर गारगोटी सातव्या पायरीवर, कुरुंद नवव्या आणि हिरा दहाव्या. कुऱ्हाडीचं कडक केलेलं पोलाद सहाच्या आसपास येतं. सह्याद्रीच्या काळ्या दगडातली खनिजंही पाच-सहाच्याच घरातली. म्हणजे नुसत्या काळ्या दगडावर पोलाद झिजायला वेळच लागणार. म्हणून वाळू. कापतो तो गारेचा कण, आणि दगड त्याला बसायला जागा देतो. ही मोजपट्टी हातात नसताना घरोघरच्या माणसांनी ती चिमूट बरोबर टाकली, याचं खरोखर कौतुक वाटतं.

दगडानंतर तांबं आलं आणि धारेची रीतच बदलली. संगमनेरजवळच्या जोर्वे गावी 1950-51 मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं. तिथल्या सहा चपट्या तांब्याच्या कुऱ्हाडी पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना परिचित आहेत. तांबं मऊ. घासून काढलेली त्याची धार चार घावांत दबते. पण थंड तांब्याची कड हातोडीने ठोकली की ती ठोकण्यानेच कठीण होते. त्यामुळे इथे दगडापेक्षा हातोडी मोठी झाली. तरी दगडी कुऱ्हाड लगेच अडगळीत गेली नाही. नेवाशाच्या उत्खननात तांब्याच्या वस्तूंबरोबर घासून गुळगुळीत केलेल्या दगडी कुऱ्हाडीही मिळाल्या. तांबं दुर्मीळ होतं आणि दगड पायाखाली होता.

दगडाला पुन्हा मान मिळाला तो लोखंडामुळे. नागपूर जिल्ह्यात नायकुंड इथे लोखंड गाळायची भट्टीच सापडली आहे, आणि विदर्भातल्या शिळावर्तुळांखालच्या दफनांत लोखंडी कुऱ्हाडी मिळतात. दांड्याला घट्ट बसाव्यात म्हणून पात्यावर आडव्या लोखंडी पट्ट्या आवळलेल्या, ही त्यांची खास ओळख. माहुरझरीला मिळालेल्या एका छिन्नीची धातुशास्त्रीय तपासणी झाली, तेव्हा ती पोलादाची निघाली. म्हणजे विदर्भातल्या त्या लोहारांना लोखंड नुसतं ठोकताच येत होतं असं नाही, कडेला कठीणपणा आणणंही जमत होतं. आणि अशी कठीण कड पुन्हा दगडावरच घासावी लागते. तापलेलं पातं पाण्यात बुडवून कठीण करायचं, याला आपण पाणी देणं म्हणतो. माणसाला पाणीदार म्हणतो, तोही शब्द याच घराण्यातला.

गावगाड्यात लोहार बलुतेदारांच्या थोरल्या ओळीत बसे. कुणबी त्याच्याकडे लोखंड आणि कोळसा घेऊन जाई, गरज पडली तर भाताही ओढी. सुगीला खळ्यावरून लोहाराचं बलुतं ठरलेलं. एकेका धारेचे पैसे मोजायची पद्धत नव्हती. गावात लोहार नसेल तिथे घिसाडी येत. गावाबाहेर पाल ठोकून बैलगाड्या सोडायच्या, जमिनीत लहानसा खड्डा करून भट्टी पेटवायची आणि दिवसभर फाळ, विळे, कुऱ्हाडी शेवटून द्यायच्या. नवरा सांडशीत पातं धरतो आणि बायको घण मारते, हे दृश्य महाराष्ट्रातल्या कित्येक गावांनी पाहिलं आहे. त्या घणाचा नेम चुकला तर नवऱ्याचा हात गेलाच, पण तो चुकत नसे. घिसाड्यांची स्वतंत्र बोली ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात गुजरातीच्या बोलींमध्ये नोंदलेली आहे. ‘घिसणे’ या क्रियापदाशी त्यांचं नाव जोडलं जातं. घासणाऱ्यांचीच ही जमात, असा तो अर्थ.

आणि तिसरा, शिकलगार. मूळ अरबी-फारसी शब्दाचा अर्थ जिल्हई करणारा. तलवारी, कट्यारी घासून लखलखीत करणं हा त्यांचा हुन्नर. 1878 च्या शस्त्र कायद्यानंतर तलवार घराघरातून नाहीशी होत गेली आणि शिकलगाराच्या चाकावर सुऱ्या, कात्र्या, अडकित्ते येऊ लागले. ते चाक पाहण्यासारखं असे. कुरुंदाची पूड आणि लाख एकत्र वितळवून केलेली जाड चकती, तिच्या आसाला गुंडाळलेली चामड्याची वादी, आणि ती वादी दोन्ही हातांनी आळीपाळीने ओढणारा साथीदार. चाक एकदा इकडे फिरे, एकदा तिकडे.

या कुरुंदाचा प्रवास सगळ्यांत लांबचा. संस्कृतात कुरुविंद, तमिळमध्ये कुरुंदम्. दक्षिण भारतात, विशेषतः सालेम आणि म्हैसूर भागात, हा दगड मिळतो. माणिक आणि नीलम हेही याच खनिजाचे स्वच्छ, रंगीत भाऊ. पण घासायला लागतो तो मळकट, अपारदर्शक कुरुंद. चार्ल्स ग्रेव्हिल याने 1798 साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आशियातल्या या दगडावर लेख लिहिला, आणि भारतीय कारागिरांचं हे नाव युरोपीय खनिजशास्त्रात ‘कोरंडम’ होऊन स्थिरावलं. पुढे 1891 मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात एडवर्ड अ‍ॅचेसन कृत्रिम हिरा करायच्या खटपटीत होता. चिकणमाती आणि कोकची पूड विजेने तापवल्यावर त्याला काही चमकदार, अतिशय कठीण स्फटिक मिळाले. कार्बन आणि कोरंडम यांचं हे संयुग असावं, अशा समजुतीने त्याने त्याला कार्बोरंडम म्हटलं. समजूत चुकीची होती, कारण ते कार्बन आणि सिलिकॉनचं संयुग होतं. नाव मात्र टिकलं, आणि त्या नावाच्या अर्ध्या भागात तमिळ कारागिराचा शब्द राहून गेला.

तोच शब्द बाटलीबंद औषधासारखा छाप लागून परत आला. 1941 मध्ये उरणजवळच्या मोरा इथे ग्राइंडवेल या कंपनीने घर्षणचाकं बनवायला सुरुवात केली. 1954 मध्ये मद्रासला कार्बोरंडम युनिव्हर्सल उभी राहिली. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी करड्या रंगाची वीट, एक बाजू खरबरीत आणि एक बारीक, ही या उद्योगाची घरगुती देणगी. तिच्यावर वाळू टाकावी लागत नाही. कठीण कण आतच असतात, नुसतं पाणी पुरतं. आधी खरबरीत बाजूवर मोठी खोट काढायची, दुसऱ्या अंगाला पातळ कड वळलेली बोटाला जाणवली की बाजू बदलायची, आणि शेवटी बारीक बाजूवर हलक्या हाताने ती वळलेली कड उतरवायची. कुऱ्हाडीचं पातं सुरीसारखं सपाट घासत नाहीत. त्याला थोडं पोट ठेवावं लागतं, नाहीतर ते लाकडात रुतून बसतं किंवा गाठीवर तुटतं. त्यासाठीच जुनी माणसं गोल गोल घासत.

विजेच्या ग्राइंडरवर हेच काम मिनिटभरात होतं, ठिणग्याही छान उडतात. पण पोलाद सुमारे दोनशे अंशांपुढे तापलं की त्याचा कठीणपणा कमी होऊ लागतो, आणि कड निळसर झाली म्हणजे तापमान तीनशेच्या आसपास गेलं. लोहाराने दिलेलं पाणी उतरलं. अशी कुऱ्हाड पहिल्या दिवशी झकास चालते आणि आठवड्यात बोथट होते. ग्राइंडर वापरायचाच तर पातं सारखं पाण्यात बुडवावं लागतं. दारातल्या ओल्या दगडावर ही काळजीच नव्हती.

खंडेनवमीला अजूनही कित्येक घरांत कुऱ्हाड, कोयता, पहार धुऊन, पाजवून, हळदकुंकू लावून पाटावर मांडतात. दगडाला त्या पूजेत जागा नसते. नवीन घर बांधताना पायरीशेजारचा तो खोलगट दगड बहुधा पायात किंवा गडग्यात जातो. कुपगलच्या टेकडीवरही तेच झालं. गेल्या काही दशकांत ग्रॅनाइटच्या खाणींनी तिची अंगं फोडली. ठोकल्यावर घंटेसारख्या वाजणाऱ्या शिळा आणि बैलांची कोरीव चित्रं याच टेकडीवर आहेत. ती वाचवण्यासाठी अभ्यासकांनी आवाज उठवला, नोंदी केल्या, छायाचित्रं काढली. जिथे खाणीचा सुरुंग अजून पोचलेला नाही, तिथे शिळेवरच्या खाचांत पावसाचं पाणी साचतं. त्यात हात बुडवला तर तळ आजही गुळगुळीत लागतो.