धुक्यापुढचा पाठमोरा माणूस

चित्रकलेचे शिक्षण आम्हांला कोणी दिलेले नाही. सभा आटोपल्यावर युनियनच्या कचेरीत रात्री बसून जे वाचले, तीच आमची शाळा. तरीही आज एका चित्राविषयी बोलण्याचे धाडस आम्ही करीत आहोत.

जर्मन चित्रकार कास्पार डेव्हिड फ्रिडरिश याने हे चित्र १८१८ च्या सुमारास रंगविले. उंची जेमतेम दोन हात. काळ्या खडकावर, हातात काठी घेऊन, एक गृहस्थ आपल्याकडे पाठ करून उभा आहे. समोर धुके पसरले आहे आणि त्यातून सुळके वर आले आहेत. १९७० पासून हे चित्र हांबुर्गच्या कलासंग्रहालयात आहे.

प्रथम ते छापील पाहिले तेव्हा आम्हांला रागच आला. अंगात गर्द हिरवा कोट, पायांत बूट. याला डोंगर पाहायला फुरसत आहे! हे डोंगर आम्ही निराळ्याच कारणाने ओळखत होतो. एल्ब नदीकाठचा हा वालुकाश्माचा मुलूख. येथल्या खाणींतला दगड नदीतून ड्रेस्डेनला जाई. १७२६ ते १७४३ या काळात बांधलेले तेथले फ्राउएनकिर्श हे चर्च त्याच दगडाचे. दगड फोडणाऱ्याच्या छातीत मात्र धूळ बसे. त्याचे चित्र कुठे आहे?

पुढे अधिक वाचले आणि राग निवळला. फ्रिडरिश हा साबण व मेणबत्त्या करणाऱ्याचा मुलगा. तो या डोंगरांतून पायी हिंडे, एकेक खडक कागदावर उतरवी आणि घरी येऊन निरनिराळ्या जागांचे खडक एकत्र मांडी. म्हणजे हा देखावा जसाच्या तसा कोठेच नाही. आणि त्या गृहस्थाचे तोंड त्याने दाखविलेलेच नाही. ज्याचे तोंड दिसत नाही, त्याच्या जागी कोणीही उभे राहावे; खाणकामगारानेसुद्धा.

त्यासाठी वेळ मात्र हवा. जर्मनीतील कामगार संघटनांनी आठ तासांचा दिवस मालकांकडून मान्य करून घेतला, तो नोव्हेंबर १९१८ मध्ये. चित्राला तोवर शंभर वर्षे होत आली होती. फुरसत ही कोणी दान दिलेली नाही, ती झगडून मिळविलेली आहे.

आजही कामाचे तास वाढविण्याची भाषा कानी येते. तेव्हा मजुरीच्या हिशेबाआधी आम्हांला हा पाठमोरा माणूस आठवतो. त्या खडकावर घटकाभर स्वस्थ उभे राहण्याचा हक्क, हादेखील मागणीपत्रात लिहिण्याजोगा आहे.