गोषवारा

बीडच्या दुष्काळावरचे एक इंग्रजी टिपण जर्मनमध्ये करून द्यायचे होते. शेवटी 'समराइज' हे क्रियापद आले आणि मी अडलो. जर्मन शब्द ठाऊक होता, 'त्सुझामेनफासेन', म्हणजे एकत्र धरणे. गंमत अशी, की वाक्यात तो तुटतो. 'फासे' आधी येते, 'त्सुझामेन' थेट शेवटी. दुभाष्याने तोवर श्वास रोखून बसायचे! इंग्रजी शब्दाचे मूळ लॅटिन 'सुम्मा', म्हणजे सर्वांत वरचे. रोमन लोक बेरीज रकान्याच्या माथ्यावर मांडत.

आणि आपला शब्द? 'सारांश' जरा पुस्तकी. आजोबांच्या तोंडी 'गोषवारा' असे. शब्द फारसी. 'गोश' म्हणजे कान. 'गोशवारा' म्हणजे कानातला दागिना, आणि हिशेबाचा संक्षेपही. मोल्सवर्थच्या कोशात तो आहेच. आमच्याकडे तर १९४८पर्यंत निजामाचे राज्य, कारभार उर्दूत, त्यामुळे तो शेतकऱ्याच्याही ओळखीचा.

आजोबा दुसऱ्याची जमीन कसत. गावच्या वहीत त्यांचे नाव होते. वर गेलेल्या गोषवाऱ्यात मात्र नुसते एकर आणि रुपये. पुढे वाद झाला तेव्हा वही सापडली नाही, गोषवारा सापडला. जमीन गेली. आजोबा तो शब्द दात आवळून उच्चारत, त्याचे कारण मला फार उशिरा कळले.

त्या टिपणातही गावे गाळून आकडेच ठेवले होते. 'त्सुझामेनफासेन' लिहिले खरे. पण गावांची मूळ यादी मागवून घेतली आणि तीही जर्मनमध्ये उतरवून शेवटी जोडली.