मोडलेल्या अक्षरांचा खटला

बोरूचे टोक तिरपे कापले की देवनागरीस जाड-बारीक वळण येते. जर्मन लेखनिकांच्या रुंद टोकाच्या लेखणीनेही असेच एक घाटदार अक्षर घडविले. त्याचे नाव फ्राक्टूर, म्हणजे मोडलेले. कारण त्याची गोलाई कोनाकोनांत मोडते आणि मोठ्या अक्षरांस वेलबुट्टीसारखे फाटे फुटतात. सम्राट पहिला माक्सिमिलियन याचे ‘टॉयरडांक’ काव्य १५१७ साली याच घाटाच्या खिळ्यांनी छापले गेले.

पुढे चार शतके जर्मन ग्रंथ बहुधा याच वळणात वाचले गेले. ३ जानेवारी १९४१ रोजी मार्टिन बोरमान याने हिटलरच्या आज्ञेने परिपत्रक काढले : ही अक्षरे ज्यूंची, सबब त्याज्य! आरोपास पुरावा नव्हताच. आणि त्या परिपत्रकाचा छापील मथळा मात्र त्याच घराण्यातील अक्षरांत होता. असा फिर्यादी कोणत्याही न्यायासनापुढे क्षणभर टिकला नसता.

१९४५ साली ती राजवट बुडाली. अक्षर काही परतले नाही. आज ते वृत्तपत्रांच्या नावांत व खाणावळींच्या पाट्यांवर शोभेपुरते उरले आहे, आणि पणजोबांचे ग्रंथ पणतवंडांना अडखळत वाचावे लागतात. आपल्या देवस्थानांच्या पेटाऱ्यांतील मोडी कागदांची गत याहून निराळी आहे काय? मोडीलाही सरकारी कारभारातून निर्णय करूनच दूर सारले गेले होते. प्रत्येक देवस्थानाने मोडी वाचणारे दोन तरुण तरी तयार करावेत.